शिकारी धनुष्याचा रेस्ट: निवड, जोडणी आणि थंडीतली परीक्षा

विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात नर हरणं माद्यांच्या मागावर भर दिवसाही हिंडतात. अशाच एका सकाळी मी झाडावरच्या मचाणावर अडीच तास बसलो होतो. थंडी उणे सहा-सात सेल्सिअसची, बोटं हातमोज्यातही बधिर झालेली. बावीस यार्डांवर ओकच्या बुंध्याआडून एक व्हाइटटेल नर बाहेर आला. मी धनुष्य हळूच उचललं आणि बाण दोन काट्यांच्या रेस्टवरून, म्हणजे बाण टेकवायच्या आधारावरून, घसरून रायझरवर, धनुष्याच्या मधल्या मुठीच्या दांड्यावर, पडला. टिंग. एवढाच आवाज. हरणाने मान वर केली, पांढरी शेपटी उभारली आणि दोन उड्यांत ते झाडीत दिसेनासं झालं.

त्या दिवशी हरीण नुसतं पळालं, हे चांगलंच झालं. बाण रेस्टवर अर्धवट बसलेला असताना मी दोरी सोडली असती, तर तो छातीऐवजी पोटात किंवा मांडीत घुसला असता आणि जनावर दोन दिवस रानात तडफडत राहिलं असतं. शिकारी धनुष्यावर रेस्ट हा आकाराने लहान आणि बहुतेकांनी सर्वात शेवटी विकत घेतलेला भाग असतो. माझ्या मते धनुष्यानंतर पहिला विचार त्याचाच करायला हवा.

हा लेख अमेरिकेत राहून कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं आणि केबल असलेल्या, धनुष्याने शिकार करणाऱ्या किंवा यंदा सुरुवात करू पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीला बंदी आहे. तिथे कंपाउंड धनुष्य फक्त मैदानावर, टार्गेटसाठी वापरायचं. त्या धनुष्याचा रेस्ट वेगळा का असतो, तेही पुढे ओघात येईल.

रेस्टची दोन कामं

पहिलं काम बाण धरून ठेवण्याचं. तुम्ही चढताना, वळताना, धनुष्य तिरकं धरताना, तास-तास बसून राहताना बाण जागचा हलता कामा नये. दुसरं काम सोडण्याचं. दोरी सुटली की पापणी लवायच्या आत बाण रेस्टवरून जातो आणि त्याच्या मागच्या टोकाला पिसं असतात. पिसं रेस्टला जोरात घासली की बाण वाकडा निघतो. म्हणजे जो भाग बाणाला घट्ट कवेत घेतो त्यानेच क्षणात वाटेतून बाजूला व्हायचं असतं. बाजारातला प्रत्येक रेस्ट या दोन कामांमध्ये आपापली तडजोड करतो. कोणत्या रेस्टने कुठे तडजोड केली आहे ते कळलं, की निवड निम्मी झाली.

थोडा इतिहास इथे उपयोगी पडतो. बोटांनी दोरी सोडली की ती बोटांवरून बाजूला घसरत सुटते, त्यामुळे बाण आडवा लवत निघतो. म्हणून जुन्या धनुष्यांना बाजूने दाब देणारा स्प्रिंगचा प्लंजर लागायचा. हॉलिस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये कंपाउंड धनुष्याचं पेटंट मिळालं. पुढे कंपाउंडसोबत यांत्रिक रिलीज, म्हणजे बोटांऐवजी दोरी धरून सोडणारी कळ, रुळला तसा बाणाचा आडवा लवका कमी झाला. उरला तो मुख्यतः वर-खाली लवणारा बाण. त्याला आधार खालून हवा. आजचे सगळे कंपाउंड रेस्ट याच गरजेतून आले आहेत. म्हणूनच कोणी जुन्या रिकर्व्हचा (टोकं पुढे वळलेल्या साध्या धनुष्याचा) चिकटपट्टीवाला रेस्ट फुकट देऊ केला, तरी तो कंपाउंडवर लावू नका.

दुकानात जाण्याआधी

माझ्याकडे कोणी सल्ला मागितला की मी आधी रेस्टबद्दल बोलतच नाही. कुठे बसणार, ते विचारतो. मचाणावर बसणाऱ्याचं धनुष्य बहुतेक वेळ मांडीवर किंवा हुकला लटकलेलं असतं आणि बाण फार तर तीस यार्डांच्या आत सोडायचा असतो. पश्चिमेकडे, कोलोराडो किंवा वायोमिंगच्या डोंगरात एल्क या मोठ्या हरणाच्या मागे चालणाऱ्याला झुडपांतून सरपटावं लागतं आणि नेम बरेचदा लांबचा असतो. या दोघांचा रेस्ट एकच असावा असं काही नाही.

मग थंडी. विस्कॉन्सिनचा धनुष्याचा मोसम सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होतो तेव्हा डास चावत असतात. तोच मोसम जानेवारीत जातो तेव्हा दाढीवर बर्फ धरतो. तुम्ही फक्त ऑक्टोबरात चार शनिवार जाणार असाल तर थंडीचा विचार सोडून द्या. डिसेंबरात बसणार असाल तर तो पहिला निकष धरा.

तिसरा प्रश्न: धनुष्याची जुळणी स्वतः करणार की दुकानातून करून घेणार? ज्याला पाना हातात घ्यायचा कंटाळा आहे त्याने कमी सुटे भाग असलेला रेस्ट घ्यावा. यात कमीपणा काहीच नाही. मोसमाच्या मध्यावर दुकान दीड तासावर असेल तर साधेपणाची किंमत कळते.

ब्रशचा रेस्ट: व्हिस्कर बिस्किट आणि त्याचे भाऊबंद

गोल कडं, त्यात चहूबाजूंनी आत आलेले ताठ केस, मधे बाणापुरतं भोक. बाण त्या केसांत रुतून बसतो. धनुष्य उलटं केलं तरी पडत नाही. हलणारा एकही भाग नाही, त्यामुळे बिघडायला काही नाही. किंमत साधारण पन्नास-साठ डॉलर.

तोटा उघड आहे. प्रत्येक वेळी पिसं केसांतून घासत जातात. बाणाचा वेग सेकंदाला दोन-चार फुटांनी कमी होतो, जो वीस यार्डांवर हरणालाही कळत नाही आणि तुम्हालाही नाही. खरा प्रश्न पिसांचा आहे. खरी पक्ष्याची पिसं यात फार टिकत नाहीत आणि लांब, मऊ प्लास्टिकची पिसं सुरकुततात. दोन इंची, ताठ, ब्लेझर जातीची पिसं लावली तर त्रास बराच कमी होतो. भोकाचा आकार बाणाच्या जाडीशी जुळायला हवा. सैल भोकात बाण डुगडुगतो, घट्ट भोकात केस लवकर झिजतात. तळचे केस भार पेलण्यासाठी जास्त कडक असतात. त्यांच्यातून थेट पीस जाणार नाही अशा बेताने नॉक, म्हणजे बाणाची दोरीत अडकणारी मागची खाच, फिरवून घ्या.

दुसरा तोटा ओलाव्याचा. पावसात काही होत नाही. गोठणारा पाऊस किंवा ओला बर्फ मात्र केसांत धरला की ते खडे होतात. दर थोड्या वेळाने बाण पुढे-मागे करून केस मोकळे करावे लागतात आणि तेवढी हालचाल कधीकधी महागात पडते.

तरीही पहिल्या वर्षाच्या शिकाऱ्याला, मचाणावरून पंचवीस यार्डांच्या आत बाण सोडणाऱ्याला आणि मुलांना मी हाच रेस्ट सुचवतो. महागडा रेस्ट अर्धवट जुळवून रानात नेण्यापेक्षा हा नीट बसवलेला केव्हाही बरा.

पडणारा रेस्ट, आणि तो कोण पाडतो

दुसरी मोठी जात ड्रॉप-अवे रेस्टची. यात लाँचर नावाची छोटी दुबेळकी असते. ती बाणाला खालून आधार देते आणि बाण निघाला की खाली पडते, पिसांना वाट मोकळी मिळते. भोवती पिंजरा असतो, म्हणून लाँचर खाली असतानाही बाण बाहेर पडत नाही. पिंजरा नसलेला ड्रॉप-अवे शिकारीसाठी घेऊच नका, कितीही स्वस्त मिळाला तरी.

दुकानातला माणूस इथे 'केबल ड्रिव्हन की लिम्ब ड्रिव्हन' असं विचारतो आणि नवा माणूस गोंधळतो. फरक नीट समजून घ्या, कारण रानात जे बिघडतं ते इथेच.

केबलवर चालणाऱ्या रेस्टची बारीक कॉर्ड धनुष्याच्या केबलला बांधलेली असते, दोरी ओढताना जी केबल खाली सरकते तिला. तुम्ही दोरी ओढता, केबल खाली जाते, कॉर्ड ताणली जाते आणि लाँचर वर उचलला जातो. दोरी सुटली की केबल उलट धावते आणि लाँचर पडतो. क्यूएडी अल्ट्रारेस्ट आणि रिपकॉर्ड ही या जातीतली जुनी, रुळलेली नावं. क्यूएडीच्या शिकारी मॉडेलमध्ये अंगठ्याने लाँचर आधीच वर अडकवून ठेवता येतो, म्हणजे बाण बसल्या जागी घट्ट राहतो.

लिम्बवर चालणाऱ्याचं उलटं आहे. त्याचा लाँचर स्प्रिंगने सदा वर जायला बघतो. धनुष्य स्वस्थ असताना लिम्बला, म्हणजे धनुष्याच्या पात्याला, बांधलेली कॉर्ड त्याला खाली दाबून धरते. दोरी ओढताना पातं आत वाकतं, कॉर्ड सैल पडते, लाँचर वर येतो. दोरी सुटताच पातं झटक्याने पूर्वपदावर येतं आणि लाँचर खाली खेचलं जातं. हॅमस्की आणि व्हेपर ट्रेल या कंपन्या यासाठी ओळखल्या जातात. बाणाला आधार जास्त वेळ मिळतो, त्यामुळे ज्याची सोडण्याची लकब थोडी कमी-जास्त होते त्याला हा रेस्ट जरा सांभाळून घेतो.

आता बिघाडाचं. केबलवाल्याची कॉर्ड सरकली किंवा तुटली तर लाँचर वर येतच नाही आणि तुम्ही दोरी ओढून बसल्यावर बाण तळाशी पडलेला दिसतो. लिम्बवाल्याची कॉर्ड तुटली तर लाँचर स्प्रिंगमुळे वरच राहतो. पिसं घासतील, पण जवळचा बाण सोडता येईल. केवळ या एका कारणासाठी मी माझ्या धनुष्यावर लिम्बवाला लावला आहे. त्याआधी केबलवाला होता तेव्हा, एका मोसमात केबलवर कॉर्ड धरणारा क्लॅम्प माझ्या नकळत अर्ध्या इंचाने घसरला होता आणि ते लक्षात आलं संध्याकाळी, घरामागच्या सरावात, जेव्हा वीस यार्डांवरचे तीन बाण तीन दिशांना गेले. दिवसभर मी तेच धनुष्य घेऊन मचाणावर बसलेलो.

दुकानात घ्यायची आणखी एक परीक्षा आहे, तिच्याबद्दल फारसं कोणी सांगत नाही. दोरी पूर्ण ओढायची आणि बाण न सोडता सावकाश परत आणायची. रानात हे फार वेळा करावं लागतं. हरीण नेमकं झाडामागे थांबतं, दोन मिनिटं हलत नाही, हात थरथरू लागतो आणि दोरी परत आणावीच लागते. त्या वेळी लाँचर काय करतो? काही केबलवाले मधेच खटकन पडतात आणि बाण शेल्फवर, म्हणजे रायझरच्या बाणाखालच्या कट्ट्यावर, आपटतो. क्यूएडीसारखा रेस्ट सावकाश परत आणताना वरच राहतो, झटका बसला तरच पडतो. लिम्बवाला दोरीबरोबर हळूहळू खाली येतो आणि बाण अलगद टेकतो. डोळे मिटून, कान देऊन ऐका. खट्ट झालं तर तो रेस्ट परत ठेवा.

उरलेले दोन

ब्लेड रेस्ट म्हणजे पातळ स्प्रिंग-स्टीलची जीभ, तिच्या टोकाच्या खाचेत बाण टेकलेला. बाणाला तिचा स्पर्श नावापुरता, त्यामुळे टार्गेटच्या कंपाउंड धनुष्यावर ती सर्रास दिसते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंडची वैयक्तिक सुवर्णं जिंकली, ओजसने तर अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेतले. तेव्हापासून गावाकडून मला हमखास फोन येतो की भाच्याने कंपाउंड धरलंय, तुझा जुना शिकारी रेस्ट पाठव. मी नाही म्हणतो. मैदानावर बाण सपाट जमिनीवर उभं राहून, सावकाश, दर वेळी त्याच रीतीने लावायचा असतो. तिथे पिंजऱ्याचं काम नाही. उलट मचाणावर ब्लेड लावला तर धनुष्य जरा कललं की बाण गेलाच. ज्याचं त्याला शोभतं.

रिकर्व्ह आणि लाँगबोवाल्यांना रेस्ट विकत घेण्याची गरजच नाही. धनुष्याच्या शेल्फवर चामड्याचा किंवा वासराच्या केसाळ कातड्याचा तुकडा चिकटवा आणि बाणाला खरी पिसं लावा. खरी पिसं घासली की दबतात, प्लास्टिकची घासली की बाणाला धक्का देतात.

धनुष्याला बसेल का?

रायझरवर, शेल्फच्या वर, एक आटे असलेलं आरपार भोक असतं. त्याला बर्जर होल म्हणतात. कंपाउंडचे बहुतेक रेस्ट इथे एका बोल्टने बसतात. एकच बोल्ट असल्याने रेस्ट त्याच्याभोवती फिरण्याचा धोका राहतो, म्हणून बसवताना तो सरळ आहे ना हे पाहावं लागतं. अलीकडच्या कित्येक धनुष्यांना रायझरच्या मागच्या अंगाला कबुतराच्या शेपटीसारखी (डव्हटेल) खाच असते, तिला इंटिग्रेट माउंट म्हणतात. त्यावर रेस्ट मागून सरकवून आवळायचा. तो फिरत नाही. तुमच्या धनुष्याला ही खाच असेल तर त्याच जातीचा रेस्ट घ्या, वीस-तीस डॉलर जास्त गेले तरी. धनुष्य जुनं असेल तर बर्जर होलवाला घ्या आणि निश्चिंत राहा.

उजव्या हाताचा की डाव्या हाताचा, हे खोक्यावर वाचा. जाळ्यावरून मागवताना ही चूक फार होते. बाण बारीक, चार मिलिमीटरचा घेणार असाल तर आधी बाण ठरवा, मग रेस्ट जुळवा. दुबेळक्यात बारीक बाण जास्त खोल बसतो आणि उंची बदलते.

बसवणं

सुरुवातीलाच दोन गोष्टी. ब्रॉडहेड, म्हणजे बाणाचं धारदार पात्यांचं शिकारी टोक, काढून ठेवा. आणि बाण न लावता दोरी ओढून सोडू नका, कधीच नाही. तसं केलं तर बाणात जाणारी सगळी ताकद धनुष्यातच फुटते.

मोजमाप मी सुतारी सुतात करतो, कारण वडिलांच्या हाताखाली तेच शिकलो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अर्धं सूत, पाव सूत हे हिशेब रेस्टसाठी इंचाच्या अपूर्णांकांपेक्षा तोंडात सहज बसतात.

धनुष्य शिकंज्यात कापड लावून धरा. रेस्ट बोल्टने नुसता पकडेल इतका लावा. दोरीला बाण अडकवा. बाजूने पाहा, बाण बर्जर होलच्या मध्यावरून जायला हवा. तो येईपर्यंत रेस्ट वर-खाली करा. आता दोरीवर एक छोटी पाणलेव्हल आणि बाणावर दुसरी. दोरी ओळंब्यात असताना बाण आडवा समपातळीत यायला हवा, किंवा नॉककडचं टोक अर्धं सूत वर. बाण तसा बसत नसेल तर डी-लूप, म्हणजे दोरीवरचा रिलीज अडकवायचा छोटा फास, हलवा, रेस्टला बर्जर होलच्या मध्यापासून फार दूर ओढू नका.

मग आडवी जागा. बहुतेक कंपाउंडला रायझरच्या आतल्या बाजूपासून बाणाच्या मध्यापर्यंत साडेसहा सूत, म्हणजे १३/१६ इंच, ही चांगली सुरुवात असते. तुमच्या धनुष्याच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो घ्या. बोल्ट आवळा, पण खांदा लावून नाही. ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की रायझर गेला.

ब्रशवाल्याचं काम इथे संपलं. पडणाऱ्या रेस्टची कॉर्ड अजून बांधायची आहे.

लिम्बवाल्यासाठी कॉर्ड पात्याच्या टोकाकडे, कॅमच्या (टोकाच्या चाकाच्या) जवळ बांधा. टोक सर्वात जास्त हलतं. धनुष्य स्वस्थ असताना लाँचर पूर्ण खाली जाऊन वर किंचित ताण उरला पाहिजे. ताण नसेल तर लाँचर पुरता पडणार नाही. ताण फार झाला तर कॉर्ड आणि खालचा थांबा दोन्ही झिजतात.

केबलवाल्यासाठी जरा धीर लागतो. दोरी ओढताना शेवटचा इंच-दीड इंच उरला असताना लाँचर पूर्ण वर आलेला असावा. फार लवकर आला तर कॉर्डवर उगाच ताण येतो, पुढे ती लांबते. फार उशिरा आला तर बाणाला आधार कमी. हे पाहायला दुसरा माणूस बाजूला उभा करा. तुम्ही ओढा आणि त्याने सांगावं. जागा ठरली की क्लॅम्पवर विसंबू नका. कॉर्ड केबलच्या धाग्यांमधून ओवून वर सर्व्हिंगचा दोरा घट्ट गुंडाळून घ्यायला दुकानात द्या. त्यासाठी धनुष्य प्रेसमध्ये दाबावं लागतं, घरी ते करायला जाऊ नये. माझा घसरलेला क्लॅम्प मी असाच बदलून घेतला, त्यानंतर तो हलला नाही.

पावडर, कागद, ब्रॉडहेड

क्रम हाच ठेवा, उलटा नको.

पिसं घासतात का ते आधी बघायचं. औषधांच्या दुकानात पायाला मारायची पांढरी पावडर स्प्रेच्या डब्यात मिळते. बाणाच्या मागच्या अर्ध्या भागावर आणि पिसांवर तिचा हात मारा, वाळू द्या, जवळून टार्गेटमध्ये एक बाण सोडा. रेस्टवर, शेल्फवर, केबलवर पांढरा डाग पडला किंवा पिसावर रेघ उमटली, की कुठे घासलं ते कळलं. नॉक थोडा फिरवा किंवा कॉर्डचा ताण बदला. ड्रॉप-अवेमध्ये ही चाचणी डाग पडेनासा होईपर्यंत करत राहा. ब्रशमध्ये डाग पडणारच, तिथे फक्त कड्याला पीस लागत नाही ना ते पाहा.

मग कागद. लाकडी चौकटीत वर्तमानपत्र ताणून बसवा, सहा फुटांवरून त्यातून बाण सोडा, मागे टार्गेट हवंच. टोकाचं भोक आणि पिसांच्या रेघा एकाच जागी आल्या तर बाण सरळ निघतोय. पिसांची फाड टोकाच्या वर असेल तर रेस्ट पाव सूत वर घ्या, खाली असेल तर खाली. आडवी फाड जास्त सतावते. उजव्या हाताच्या माणसाची पिसं डावीकडे फाडत असतील तर पहिला प्रयत्न रेस्ट पाव सूत उजवीकडे. फाड वाढली तर उलट जा. साडेसहा सुतांपासून अर्ध्या सुताहून जास्त सरकावं लागत असेल तर थांबा, दुखणं रेस्टचं नाही. मुठीची पकड, बाणाचा ताठपणा किंवा कॅमचा कल तपासा. मुठीची पकड तर सर्वात आधी. मूठ आवळून धरणाऱ्यांची फाड रोज बदलते.

शेवटी तीस यार्डांवर, जाड फोमच्या टार्गेटवर, तीन फील्ड पॉइंट (सरावाची साधी टोकं) आणि तीन ब्रॉडहेड. न हलणाऱ्या पात्यांचं ब्रॉडहेड हवेत छोट्या पंखासारखं वागतं, बाणाचा थोडासाही वाकडेपणा ते वाढवून दाखवतं. ब्रॉडहेड फील्ड पॉइंटच्या डावीकडे जमत असतील तर रेस्ट उजवीकडे, खाली जमत असतील तर रेस्ट वर. एकावेळी पाव सुताहून कमी आणि एकावेळी एकच दिशा. इथे बारीक चकतीने सरकणारा मायक्रो-ॲडजस्ट रेस्ट असला की जीव सुखावतो, त्याचे जादा पैसे मला पटतात. दोन्ही गट कागदी जेवणाच्या ताटलीएवढ्या वर्तुळात एकत्र आले, की हरणाच्या छातीइतकी जागा तुमच्या हातात आली.

सगळं जुळल्यावर प्रत्येक बोल्टवर निळ्या लॉकटाइटचा, म्हणजे आटे सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, एक थेंब, प्लास्टिकला लागू न देता. मग चंदेरी मार्करने बोल्ट आणि रेस्ट दोन्हींवरून एक सलग रेघ. उद्या काही सरकलं तर रेघ तुटलेली दिसेल, मोजपट्टी लागणार नाही.

आवाज आणि थंडी

शांत खोलीत बाण लावून दोरी सावकाश ओढा. कार्बनचा बाण धातूवरून ओढला तर खर्र आवाज येतो, जो पंधरा यार्डांवरच्या हरणाला नक्की ऐकू जातो. लाँचरच्या दोन्ही शिंगांवर बारीक श्रिंक ट्यूब चढवा. पिंजऱ्याच्या आत आणि रायझरच्या शेल्फवर चिकटणारं फेल्ट लावा. माझा तो 'टिंग' एका इंचभर फेल्टच्या तुकड्याने वाचला असता.

आणि थंडीची परीक्षा घरीच घ्या. पहिली कडक थंडी पडली की धनुष्य रात्रभर गॅरेजमध्ये किंवा कुलूपबंद शेडमध्ये ठेवा आणि सकाळी आत न आणता तिथेच पाच बाण सोडा. स्प्रिंगच्या जागी कंपनीने घातलेलं किंवा तुम्ही हौसेने घातलेलं तेल थंडीत घट्ट होतं आणि लाँचर आळसतो. ते पुसून कोरडं ग्राफाइट लावा. मग कॉर्ड ओली करून पुन्हा गोठवून बघा. तिच्यावर बर्फाचा थर बसला तर तिला थोडी मेणाची मालिश पुरते. ब्रशवाल्यांनी केसांवर पाणी शिंपडून हाच प्रयोग करावा, म्हणजे रानात काय होणार ते आधीच कळेल.

खर्चाचा अंदाज द्यायचा तर चांगला केबलवाला दीडशे डॉलरच्या आसपास जातो, लिम्बवाले त्याच्या थोडे खाली-वर आणि नामांकित मॉडेल दोनशेच्या पुढे. मोसम संपल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत, दुकानं जुनी मॉडेल कमी करतात. घाई नसेल तर तेव्हा घ्या आणि वसंतभर सराव करा. शिकारीचं प्रशिक्षण अजून झालं नसेल तर तेही त्याच काळात उरका. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला ते बंधनकारक आहे.

मोसमात माझ्या पाठपिशवीत एका छोट्या डबीत ॲलन की, हातभर रेस्टची कॉर्ड, टोकं वितळवायला लायटर, फेल्टचे दोन तुकडे आणि चंदेरी मार्कर असतो. मचाणावर चढायच्या आधी, टॉर्चच्या उजेडात, मी तीन गोष्टी करतो. रेघा अखंड आहेत ना ते बघतो, लाँचर बोटाने वर करून सोडतो आणि तो पूर्ण पडतो का ते पाहतो, मग कॉर्डवरून नख फिरवून कुठे धागा सुटलाय का ते तपासतो. मिनिटभराचं काम आहे. त्यानंतर झाडावरून पडू नये म्हणून हार्नेसचा पट्टा बांधायचा, धनुष्य दोराने वर ओढून घ्यायचं आणि बाण तिथे बसल्यावरच लावायचा.